डावीकडे कललेलं अक्षर

बाईंना अक्षर ओळखू यायचं. वाचता यायचं असं नाही म्हणत मी, ते तर कुणालाही येतं. अक्षर कुणाचं आहे ते त्यांना कळायचं. चौतीस वर्षं त्यांनी पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला शिकवलं, आणि तेही एकाच गावात. आता तुम्हीच बघा, गावात लिहिता येणारं असं कोण उरलं? टपाल कचेरीतला कारकून, दातांचा डॉक्टर, पाण्याच्या टाकीवरचा माणूस, झाडून सगळ्यांची बोटं बाईंनी आपल्या मुठीत धरून फिरवलेली. माणसाचा आवाज फुटतो, केस जातात, पोट सुटतं, पण सहाव्या वर्षी अक्षराला लागलेली खोड मरेपर्यंत सुटत नाही, असं बाईंचं ठाम मत होतं. ते फारसं खोटंही नव्हतं. म्हणूनच तर सगळा घोळ झाला.

निवृत्त झाल्यावर बाई वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या आरोग्य केंद्रात विनामोबदला काम करायला लागल्या. केंद्र कसलं, दोन खोल्या. एका खोलीत वजनकाटा, पडदा आणि तपासायचा पलंग, दुसरीत चार खुर्च्या. डॉक्टर मंगळवारी आणि शुक्रवारी यायच्या, बाकीचे दिवस सिस्टर. पाळी, गर्भ राहणं, न राहू देणं, अंगावरून जाणं, गुप्त आजार, लग्नाआधीच्या शंका, असल्या सगळ्या गोष्टी इथे बोलायला मोकळीक होती. फक्त बोलायला येणार कोण? बायका जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत यायच्या, काहीतरी विसरल्यासारखं कपाळाला हात लावायच्या आणि परत फिरायच्या. पुरुष तर पहिल्या पायरीलाही शिवायचे नाहीत.

मग सिस्टरने पेटी काढली. खाली वाचनालयात, जुन्या वर्तमानपत्रांच्या कपाटाआड, जिथे उभं राहिलेलं कुणाला दिसत नाही, तिथे एक लोखंडी पेटी ठेवली. वर चिकटवलं, ‘नाव लिहू नका. कोण ते आम्ही शोधणार नाही.’ बुधवारी पेटी उघडायची, चिठ्ठ्यांना नंबर द्यायचे, डॉक्टरांना विचारून शनिवारी वाचनालयातल्या फळ्यावर उत्तरं लिहायची. उत्तरं लिहायला सुवाच्य अक्षर हवं आणि सिस्टरचं अक्षर म्हणजे कोंबडी चालून गेल्यासारखं, त्यामुळे पेटीची किल्ली आली बाईंकडे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात ते हेच! सिस्टर बाहेरगावची, तिला काय ठाऊक? आणि बाईंनी सांगितलं नाही. कुणी विचारलंच कुठे?

बुधवारी दुपारी वाचनालय एक ते चार बंद असायचं. बाई लांब टेबलावर चिठ्ठ्या पसरायच्या. उंच खिडक्यांतून ऊन आत यायचं, धूळ त्यात सावकाश तरंगायची. पोटात जेवण, डोळ्यांवर झापड, आणि हळूहळू समोरचे बाक भरायला लागायचे. प्रत्येक चिठ्ठीमागून एक सहा वर्षांचं पोर उगवायचं. ‘एकदा बाळ झालं की अंगावर पाजत असेपर्यंत दिवस राहत नाहीत हे खरं का?’ हा प्रश्न विचारायला खडू खाणारी ती दोन वेण्यांची मुलगी यायची, तोंड अजून पांढरं. ‘माझी छाती एका बाजूला लहान आहे, मला काही झालंय का?’ हे विचारणारी तर शाळा सोडून चारच वर्षं झालेली, पाटी छातीशी घट्ट धरून उभी. “काही झालं नाही गं बाळा,” बाई झोपेतच पुटपुटायच्या, “हाताची पाचही बोटं सारखी नसतात.” उत्तरातही तेच लिहायच्या.

एकदा एक चिठ्ठी आली, ‘नसबंदी केल्यावर पुरुषाची ताकद जाते का?’ अक्षर ग्रंथपालांचं! हेच गृहस्थ, पेटी ठेवायची म्हटल्यावर चार पानी तक्रारअर्ज लिहिणारे. बाईंना इतकं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. त्यांनी उत्तर लिहिलं, ‘ताकद अजिबात जात नाही. पुस्तकांचे गठ्ठेसुद्धा उचलता येतात.’ मग शहाणपण सुचून दुसरं वाक्य पुसलं. शनिवारनंतर ग्रंथपाल आठवडाभर शीळ घालत फिरत होते.

या कामात बाई हौस म्हणून पडल्या नव्हत्या. त्यांची वहिनी अडतिसाव्या वर्षी गेली. चार लेकरं झालेली, पाचवं नको होतं, आणि कुणाला म्हणायची सोय नव्हती. कुणीतरी दिलेला काढा घेतला. घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं, ताप आला म्हणायचं. बाई तेव्हा सतरा वर्षांच्या होत्या. त्यांनीही तेच म्हटलं. त्या गोष्टीची टोचणी त्यांना आयुष्यभर होती, आणि त्या ती लपवतही नसत.

त्या बुधवारी सातव्या नंबरची चिठ्ठी उघडली आणि बाईंची झोप खाडकन उडाली.

‘दोन महिने पाळी आली नाही. ओळखीच्या एकीने पूड दिली आहे. रविवारी सकाळी उपाशीपोटी घ्यायची म्हणते. घेतली तर मोकळी होईन का? जिवाला काही होईल का? शनिवारी उत्तर लिहा. घरात कळता कामा नये.’

अक्षर डावीकडे कललेलं होतं. प्रत्येक अक्षर भिंतीला टेकून उभं राहावं तसं. चौतीस वर्षांत असं अक्षर बाईंच्या हाताखालून एकच गेलं होतं. एक डावखुरी मुलगी होती, तिला सगळे डावरीच म्हणायचे. इतर मास्तर म्हणाले, हातावर पट्टी मारा म्हणजे उजव्याने लिहील. बाई म्हणाल्या, मारून बघा, मग मी तुम्हाला मारते. तेव्हा ती डावरीच राहिली. आता विशीची होती, मोजणी कचेरीत नकाशे काढायला शिकत होती. बाप जहाजावर स्वयंपाकी, वर्षातून दोनदा यायचा. आई लॉन्ड्री चालवायची. लग्न नाही, साखरपुडा नाही.

बाई जिना चढून वर गेल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती.

“सिस्टर, ही मुलगी मला माहीत आहे.”

सिस्टर सुया उकळत ठेवत होती. तिने वळूनही पाहिलं नाही. “कशी काय माहीत आहे?”

बाईंना सांगावं लागलं. सगळंच. सिस्टरने गॅस बंद केला आणि खुर्चीवर बसली.

“म्हणजे दीड वर्ष तुम्ही सगळ्यांना ओळखताय?”

“मी कुणाला बोलले का कधी?”

“न बोलणं वेगळं आणि न ओळखणं वेगळं, बाई. लोकांना आपण दुसरं वचन दिलंय.” मग ती जरा नरमली. “हे बघा, शनिवारची वाट बघू नका. उत्तर आजच लिहा फळ्यावर. पूड घेऊ नका, जिवाला धोका आहे, वर या, अजून वेळ आहे, कुणी काही बोलणार नाही. ती येईल.”

“आणि नाही आली तर?”

“तर पेटी जेवढं करू शकते तेवढं पेटीने केलं. तुम्ही तिच्या घरी जायचं नाही. मला शब्द द्या.”

बाईंनी मान हलवली. आता मान हलवणं म्हणजे शब्द देणं होतं की नाही यावर नंतर बराच वाद झाला.

उत्तर फळ्यावर चढलं. बुधवारची संध्याकाळ गेली, गुरुवारची सकाळ गेली, कुणी आलं नाही. बाई घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत होत्या. जेवायला बसल्या तर घास उतरेना. डोळा लागला की डावरी बाकावर बसलेली दिसायची, सहा वर्षांची, आणि तिच्या पाटीवर एकच शब्द, रविवार. शेवटी चार वाजता बाईंनी चपला घातल्या. हात दाखवून अवलक्षण कसं करतात ते बघायचं असेल तर इथून पुढे नीट ऐका.

लॉन्ड्री म्हणजे पुढे दुकान आणि मागे घर. मध्ये दोऱ्यांवर चादरी, एकामागे एक, भिंतीच म्हणा ना. वाफेने सगळं धूसर झालेलं. त्या पांढऱ्यात शिरलं की रस्त्याचा आवाज बंद व्हायचा आणि नुसता इस्त्रीचा सुस्कारा ऐकू यायचा, थांबून थांबून. बाईंना वाटलं आपण कुठल्यातरी ढगात आलोय आणि इथे कुणी कुणाला रागावत नसणार.

लॉन्ड्रीवाली पुढे इस्त्री करत होती. त्रेचाळीस वर्षांची, हाडाने मजबूत, बोलायला कमी. तिला लिहिता-वाचता येत नाही हे गावाला माहीत होतं. गिऱ्हाइकांच्या कपड्यांना ती रंगीत दोरे बांधायची, लाल डॉक्टरांचा, हिरवा टपालवाल्यांचा, आणि वीस वर्षांत एकही शर्ट चुकीच्या घरी गेला नव्हता.

“या बाई,” ती म्हणाली. “डावरी आत्ताच आलीये कचेरीतून. मागे चादरी उतरवतेय.”

बाई चादरींमधून मागे गेल्या. डावरी टाचा उंचावून चिमटे काढत होती.

“पोरी,” बाई कुजबुजल्या, “घाबरू नकोस. मी ओरडायला आले नाही.” आणि त्यांनी ब्लाउजमध्ये जपून ठेवलेली चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली.

डावरीने चिठ्ठी वाचली. मग पुन्हा वाचली. तिचा चेहरा आधी नुसता गोंधळलेला होता, मग एकाएकी पांढराफटक पडला. बाईंनी तिचा दंड धरला. “ती पूड कुठे आहे? मला दे. तुझ्या जिवाशी खेळ होईल गं. माझ्या घरात झालाय. तुला दिवस गेले असतील तर जगबुडी नाही झाली, डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत...”

चादरीपलीकडे इस्त्रीचा सुस्कारा थांबला.

दोघींनी तिकडे पाहिलं. पांढऱ्या कापडावर लॉन्ड्रीवालीची सावली पडली होती. अजिबात हलत नव्हती. बाईंच्या पायाखालची वाळू सरकली. ज्या घरात कळू नये म्हणून पोरीने लिहिलं होतं, त्याच घरात, मोठ्या आवाजात, आपणच!

लॉन्ड्रीवाली चादर बाजूला सारून आत आली. तिने मुलीच्या हातातल्या कागदाकडे पाहिलं.

“कुणाचं आहे ते?” तिने विचारलं. आवाज इतका बारीक की वाफेत विरघळून जावा.

डावरीने आईकडे पाहिलं, किती वेळ पाहिलं देव जाणे. मग म्हणाली, “माझंच आहे.”

पुढे काहीतरी जळल्याचा वास आला. इस्त्री कुणाच्यातरी शर्टावर तशीच राहिली होती. लॉन्ड्रीवाली हलली नाही. ती कपड्यांच्या गाठोड्यावर मटकन बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. इस्त्री डावरीनेच पळत जाऊन उचलली.

“रागावू नका हो तिला,” बाई आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. “वय असतं. आपणच त्यांना काही सांगत नाही, मग चुकलं की मारायला धावतो. आईने अशा वेळी पाठीशी उभं राहायचं असतं.” अजून बरंच बोलल्या. चांगलं पाव तास बोलल्या. लॉन्ड्रीवाली ऐकत होती आणि दर वाक्यागणिक जास्तच रडत होती. उद्या शुक्रवारी डावरीने केंद्रात यायचं, असं ठरवून बाई निघाल्या, तेव्हा त्यांना वाटत होतं की गड जिंकला. चालताना पाय जमिनीला लागत नव्हते.

शुक्रवारी सिस्टरला कळलं तेव्हा तिने बाईंना जे सुनावलं ते इथे सांगण्यासारखं नाही. बाई कोपऱ्यातल्या टेबलाशी गप बसून राहिल्या. फॉर्म भरण्याचं काम त्यांचं, तेवढं करायला मिळालं हेच खूप. डॉक्टर आतल्या खोलीत होत्या. डावरी सिस्टरसमोर बसली, ताठ.

“शेवटची पाळी कधी आली होती?”

“दोन महिने... बाबा येऊन गेले त्याच्या आधी.” मग घाईने, “म्हणजे मला तेव्हाची तारीख आठवते, म्हणून.”

“मळमळतं?”

“सकाळी. वाफेचा वास नको वाटतो. मला.” ती थांबली. “सिस्टर, एखाद्या बाईचं वय जास्त असलं, म्हणजे चाळीसच्या वर, तर जास्त त्रास होतो का? आधी रक्तदाबाच्या गोळ्या चालू असल्या तर?”

सिस्टरच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. ती म्हणाली, “रक्तदाब असेल तर डॉक्टरांनी तपासायलाच हवं. वय जास्त असलं तरी करता येतं, ठेवायचं असेल तर ठेवताही येतं. ते ज्या बाईचं तिने ठरवायचं. मुलीने नाही, आईने नाही, नवऱ्यानेही नाही.”

“नवऱ्याची सही लागते का?”

“नाही.”

“आणि ती चाचणीची पट्टी घरी नेता येते?”

“येते. इथे नाव आणि सही कर, देते.”

डावरी बाईंच्या टेबलाशी आली आणि फॉर्मवर डाव्या हाताने नाव लिहिलं. लिहिता लिहिता तळव्याची कड ओल्या शाईवरून सरकली आणि नावावर निळा फराटा उठला, तसा तो पहिलीपासून तिच्या प्रत्येक पानावर उठायचा. बाई त्या फराट्याकडे बघत राहिल्या. चिठ्ठीवर फराटा नव्हता. चिठ्ठी स्वच्छ होती. उजव्या हाताने लिहिलेली.

मग त्यांना ते पान आठवलं. चौदा वर्षं झाली असतील. डावरीच्या वहीत गृहपाठाच्या एका पानामागे तेच पान दुसऱ्यांदा लिहिलेलं होतं, तसंच डावीकडे कललेलं, पण थोडं थरथरतं आणि एकही डाग नसलेलं. “हे कुणी लिहिलं?” त्यांनी डोळे वटारून विचारलं होतं. सहा वर्षांची डावरी न डगमगता म्हणाली होती, “मीच.” बाईंनी तिला खोटं बोलल्याबद्दल बाकावर उभं केलं होतं. रात्री चादरी वाळत घालून झाल्यावर कुणीतरी लेकीच्या वहीवरून अक्षरं गिरवत होतं, कलसुद्धा शिस्तीचा भाग समजून उचलत होतं, आणि लाजेपोटी जगाला सांगत नव्हतं.

डावरी पट्टी घेऊन जिना उतरून गेली. बाई सिस्टरकडे वळल्या.

“सिस्टर, ती...”

“ती दुसऱ्या कुणासाठी आली होती. दारातून आत आली तेव्हाच दिसलं,” सिस्टर म्हणाली. “कुणासाठी ते मला माहीत नाही आणि तुम्ही मला सांगायचं नाही.”

“पण मी तिच्याकडे जाऊन...”

“परत? पाय मोडून हातात देईन, बाई. वयाने मोठ्या आहात म्हणून हे प्रेमाने सांगतेय.”

बाई खाली वाचनालयात आल्या आणि लांब टेबलाशी बसल्या. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की वर बघवेना. लग्न झालेल्या, लेकरं असलेल्या, वयस्क बाईची कोंडी काय असते हे साऱ्या गावात कुणाला ठाऊक असेल तर त्यांना. आणि तरी चिठ्ठी हातात पडल्याबरोबर त्यांना आठवली ती बिनलग्नाची पोर. वर आईला उपदेश! पाव तास!

डोळे कधी मिटले कळलं नाही. बाक भरत गेले. खडूवाली आली, पाटीवाली आली, ग्रंथपाल अर्ध्या चड्डीत येऊन बसले. शेवटच्या बाकावर वहिनी होती, ओल्या केसांची, मांडीवर हात ठेवून. तिच्यापुढे पाटी नव्हती. तिला कधी कुणी लिहायला शिकवलंच नव्हतं. बाईंनी खडू पुढे केला, पण बाकांच्या रांगा लांबत गेल्या, लांबत गेल्या, आणि वहिनी हसून म्हणाली, “राहू दे गं, उशीर झाला.” जाग आली तेव्हा ऊन खिडकीवरून उतरलं होतं आणि गाल ओला होता.

शनिवारी सकाळी बाईंनी फळा स्वच्छ पुसला. सातव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पुन्हा लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात. ‘पूड घेऊ नका. त्याने मोकळं व्हायच्या ऐवजी जीव जाऊ शकतो. वय वीस असो की पंचेचाळीस, लग्न झालेलं असो की नसो, हा प्रश्न कुणालाही पडू शकतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आम्ही वाट सुरक्षित करू. केंद्र रविवारीही सकाळी आठपासून उघडं राहील.’ त्याखाली एक रेघ मारली आणि लिहिलं, ‘मला तुमची अक्षरं ओळखता येतात. हे मी लपवलं. या आठवड्यात एक चिठ्ठी घेऊन मी एका दारात गेले आणि भलत्याच माणसाला दोषी धरलं. चूक सर्वस्वी माझी. आजपासून पेटी सिस्टर उघडतील. त्या बाहेरगावच्या आहेत.’ आणि खाली सही केली.

गर्दी जमली तशी कुजबुज वाढली. दातांचा डॉक्टर रागाने लाल झाला. एक बाई म्हणाली, “आता मेलं कोण टाकणार चिठ्ठी?” आणि ते खरंच होतं. दीड वर्षाचं काम बाईंनी पाच ओळींत घालवलं होतं. ग्रंथपाल हळूच जवळ आले, कपाळावर घाम.

“बाई, म्हणजे... माझीसुद्धा?”

“तुमची कसली?” बाई म्हणाल्या. “मला काही आठवत नाही. वय झालं माझं.”

ग्रंथपाल तरी त्यावर हसले नाहीत. बाई संध्याकाळपर्यंत फळ्याजवळ बसून राहिल्या, लोकांचं ऐकून घेत. लॉन्ड्रीवाली आली नाही. पाहून जायला डावरीही आली नाही.

रविवारी आठ वाजता सिस्टरने केंद्र उघडलं. बाई वरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. खाली वाचनालय बंद, रस्ता रिकामा. साडेआठ झाले. उपाशीपोटी, असं चिठ्ठीत होतं. आत्ता तिकडे वाफेत एक पाण्याचा पेला भरला जात असेल का? बाईंचे पाय दोनदा दाराकडे गेले, दोनदा त्यांनी ते परत आणले. तिसऱ्यांदा त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि डोळे मिटले. उठून धावत जाणं किती सोपं होतं! बसून राहण्याइतकं अवघड काम त्यांनी आयुष्यात केलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ जणू पाण्याखालून वाजत होतं. नऊ. सव्वानऊ.

जिन्यावर पावलं वाजली. सावकाश, पण न थांबता.

लॉन्ड्रीवाली दारात उभी राहिली. अंगावर इस्त्रीची साडी, हातात कागदाची पुडी. बाई उठल्या आणि होत्या तिथेच थांबल्या. तिनेच पुडी टेबलावर ठेवली.

“पोरीला खाली उभी केलीये. म्हणते मी वर येते सोबत. म्हटलं नको, माझं मी बोलते.” तिने घसा साफ केला. “बाई, तुम्ही त्या दिवशी मला म्हणालात, आईने पाठीशी उभं राहायचं असतं. आणि ती म्हणत होती, माझंच आहे. मी तोंडातून शब्द काढला नाही. लोकांत पोरीची बेअब्रू झाली असती तरी मी नसते बोलले, इतकी मी घाबरले होते. त्या पुडीने मेले असते तर बरं, असं वाटलं मला.”

“चूक माझी होती,” बाई म्हणाल्या. “तुमची नाही. तुमच्या घरात शिरून मीच ते सगळं केलं. मला माफ करा.”

लॉन्ड्रीवालीने मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही. मग ती सिस्टरकडे वळली आणि इतक्या दिवसांत कुणापुढेही न काढलेलं वाक्य तिने एका दमात काढलं. “मला दिवस गेलेत. पट्टीवर दोन रेघा आल्या. मला हे नकोय. मला रक्तदाब आहे आणि मी थकलेय.”

“बरं,” सिस्टर म्हणाली, कुणी पाणी मागावं तितक्या सहज. “डॉक्टरांना मी फोन करते, आजच येतील. आधी रक्तदाब बघू. बसा. तुम्ही वेळेत आलात.”

लॉन्ड्रीवाली बसली. बसल्यावर तिचे खांदे सैल पडले आणि ती रडायला लागली. रडणं ओसरल्यावर सिस्टरने सवयीने फॉर्म बाईंपुढे सरकवला. बाईंनी पेन उघडलं. “नाव सांगा, मी लिहिते.”

“मला येतं लिहिता,” लॉन्ड्रीवाली म्हणाली.

बाईंनी पेन तिच्या हातात दिलं आणि खुर्ची वळवून खिडकीकडे तोंड केलं. समोरच्या छपरावर ऊन पसरलं होतं. पाठीमागे पेन कागदावर चालत होतं, थांबत होतं, पुन्हा चालत होतं. बाई छपराची कौलं मोजत राहिल्या.

“बाई,” मागून आवाज आला, लाजरा, बारीक. “बघा ना. माझं कुणी कधी तपासलंच नाही. बरोबर आलंय का?”

बाई वळल्या. चष्मा पुसून त्यांनी तो फॉर्म हातात घेतला आणि चौतीस वर्षं जसं वाचत आल्या तसं, बोट फिरवत, एकेक अक्षर वाचलं.

“शाबास,” त्या म्हणाल्या. “एकही चूक नाही.”